पाच टक्के पाणी

"आवं जावाईबापू, मोजल्या न्हाईत. मोजल्या की सरत्यात."

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. तीस वर्षांपूर्वी म्हसवडला त्यांच्या सोप्यात, जात्याच्या अलीकडे टेपरेकॉर्डर ठेवून मी त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला एकूण ओव्या किती येतात. मी तेव्हा साताऱ्याला सरकारच्या सांख्यिकी खात्यात होतो. एखादी गोष्ट समोर आहे आणि ती किती आहे हे विचारायचं नाही, हे आमच्या खात्यात बसत नसे. सासूबाईंनी वरचं उत्तर दिलं, पदराने जात्याचं तोंड पुसलं आणि गायला लागल्या:

माणगंगेच्या वाळूत
हात गेला कोपराला
येशील का गं तू पाणी
लेकीबाईच्या दाराला

म्हसवडच्या नदीत बहुतेक वर्ष वाळूच असते. पाणी हवं तर हात घालायचा, तो कोपरापर्यंत गेला की बोटं ओली होतात. अशा नदीकाठच्या बाईने पाण्याला लेकीच्या घरी बोलवावं, यात नवल नाही. कॅसेटच्या एका बाजूला त्रेचाळीस ओव्या बसल्या. (मी नंतर मोजल्या.) पुढे तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. आवाज तेवढा राहिला. त्यांची लेक, म्हणजे माझी पत्नी राजमती, ती कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खालच्या फळीवर ठेवायची आणि संक्रांतीला, नागपंचमीला बाहेर काढायची. टेप सुरू झाला की ती काही काम हातात घ्यायची. शेंगा फोडायची किंवा वाती वळायची. नुसतं बसून ऐकणं तिला जमत नसे.

सासूबाईंची विनंती पाण्याने मान्य केली. माणगंगेला ते झेपलं नसावं. कृष्णेने परस्पर मनावर घेतलं आणि सहा वर्षांपूर्वी ती सांगलीत लेकीबाईच्या दाराला आली. दाराला थांबली नाही. खिडकीच्या गजांपर्यंत आली.

आता त्या दिवशीचं सांगतो, कारण माझ्यावरचा आरोप तिथूनच सुरू होतो.

सांगलीत ऑगस्ट लागला की माणसं एकमेकांना "बरं आहे ना" असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती" असं विचारतात. आयर्विन पुलाच्या खांबावर फूट रंगवलेले आहेत. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्याच्या पुढे कुणाच्या गल्लीत किती हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्या दिवशी सकाळी राजमती दारात उभी राहून मला म्हणाली, "काय हो, येतंय का पाणी आपल्यात?"

मी निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नोकरीच्या एकतीस वर्षांत मला असा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी पन्नास वर्षांच्या पातळ्यांचं माझं रजिस्टर काढलं, दोन तास बसलो, पाऊस धरला, कोयनेचा विसर्ग धरला, आणि सांगितलं, "पाच टक्के."

"बरं," राजमती म्हणाली, आणि शेजारच्या बनुबाईंची चाळण परत द्यायला वरच्या मजल्यावर गेली.

मी रजिस्टर टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि पेपर वाचायला घेतला. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोटीतून बाहेर काढलं. पाणी उतरल्यावर आलो, तेव्हा खालच्या फळीवर काही नव्हतं. रजिस्टरचा लगदा झाला होता. टेपरेकॉर्डरच्या पोटातून चिखल निघाला. मी राजमतीला हळूच म्हणालो, "तो डबा..." ती फळी पुसत होती. म्हणाली, "डब्याचं आता नको."

यावर तिने एक अक्षर काढलं नाही. सहा वर्षांत नाही. आपल्या बायकोने आपल्याशी एकदा कडाडून भांडावं अशी इच्छा मनात धरून असलेला मी सांगलीच्या गावभागातला एकमेव गृहस्थ असेन.

गल्ली मात्र बोलली. गल्लीने माझं नाव ठेवलं. आदगोंडा चौगुले हे नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे. "पाच टक्के आले काय?" "पाच टक्क्यांना विचारा." किराणा दुकानदार चेहरा न हलवता म्हणतो, "तुम्हाला पाच टक्के सूट." देतो मात्र काही नाही.

सर्वांत जास्त त्रास वरच्या मजल्यावरून होता. आमची इमारत दोन मजल्यांची. खाली आम्ही, वर सुभेदार लालासाहेब निकम आणि त्यांच्या पत्नी बनुबाई. सुभेदार मूळचे सातारा जिल्ह्यातले, अठ्ठावीस वर्षं फौजेत होते आणि अजून पूर्णपणे परत आलेले नाहीत.

"चौगुले, तुमचं चुकलंच," ते म्हणायचे.

"चुकलं नाही. पाच टक्के म्हणजे शून्य नव्हे. असे शंभर ऑगस्ट घेतले तर त्यातल्या पाचांत पाणी येईल. हा त्या पाचांतला होता."

"शंभर ऑगस्ट मी कुठनं आणू? माझं वय अडुसष्ट हाय."

"ते कल्पनेत घ्यायचे."

"पाणी माझ्या जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं, ते कल्पनेत लागलं व्हय? आवं, आमच्या कर्नलसायबानं विचारलं असतं, दुश्मन येतोय का, आन् मी म्हणलो असतो पाच टक्के येतोय, तर मला तितंच उभं केलं असतं. येतोय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. दोन्ही शब्द फुकटात मिळत्यात."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते साडेतीन पानांचं होतं.

मनाला लागलेल्या गोष्टींचा शरीरावर परिणाम होतो असं म्हणतात. मला दुपारी जेवून आडवं झालं की अर्धवट झोपेत सासूबाईंचा आवाज ऐकू यायला लागला. बारीक, दुरून, जात्याची घरघर धरून. येशील का गं तू पाणी. उठून बसलो की बंद. मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आवाज काय म्हणतो?" मी म्हणालो, "ओवी." त्यांनी कानात बॅटरी घातली, वय विचारलं आणि थेंब दिले. दिवसातून तीनदा, प्रत्येक कानात चार. मी नेमाने घालतो. दुपारी आवाज येतोच, फक्त आता तो तेलकट वाटतो.

यंदा जूनमध्ये मी ठरवलं की आकड्याची झालेली बदनामी आकड्यानेच धुऊन काढायची. ओळखीचा एक क्लास बंद झाला होता, त्याचा फळा मिळवला आणि जिन्याखाली टांगला. त्यावर रोज सकाळी लिहायचं: "आज संध्याकाळपर्यंत इमारतीत पाणी शिरण्याची शक्यता." आणि पुढे टक्के. शिवाय खरं काय झालं त्याची वहीत नोंद. वर्षभराने हिशेब काढला की जगाला कळावं, चौगुले जेव्हा सत्तर म्हणतो तेव्हा दहातल्या सात वेळा तसं होतं.

पहिले पंधरा दिवस मी "१%" लिहिलं. कुणी फळ्याकडे बघितलं नाही. सोळाव्या दिवशी बनुबाई घागर कमरेवर घेऊन थांबल्या.

"भावजी, पुराचं कळून काय करू? नळाचं लिवा की. चार दिस झालं, कवा येतंय कळंना झालंय."

मागणी रास्त होती. मी नळाची ओळ घातली. साठ टक्के. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या बायका फळा बघायला आल्या. मग विजेची ओळ आली, गॅसच्या गाडीची आली. सुभेदार तुच्छतेने बघत होते ते आठ दिवसांनी खाली येऊन म्हणाले, "ते आमच्या जमिनीच्या तारखेचं बी टाका. सोमवारी पुढं ढकलली जाईल का?" मी नव्वद लिहिलं. तारीख ढकलली गेली. सुभेदारांनी संध्याकाळी मला चहाला बोलावलं, आणि चहा पिताना मला कळलं की माणसाला शक्यतेचं शास्त्र पटायला आपल्या जमिनीची तारीख लागते.

जुलैअखेर वही तपासली. नळाला साठ म्हटलं होतं, एकतीस दिवसांत एकोणीस दिवस पाणी आलं. म्हणजे एकसष्ट. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"बघ. साठ आणि एकसष्ट."

राजमती वाटाणे सोलत होती. "उद्या येणार का?"

"साठ टक्के."

"म्हणजे कळशी भरून ठेवते," ती म्हणाली. मला जरा वाईट वाटलं. इतक्या मोठ्या निष्कर्षाचा शेवट एका कळशीत व्हावा असं नव्हतं.

आणि मग ऑगस्टमध्ये पावसाने जोर धरला. साताऱ्याहून लेकीचा फोन आला. प्राचीचं सासर तिथलं.

"पप्पा, कोयनेचे दरवाजे उचललेत."

"किती?"

"पप्पा, किती ते महत्त्वाचं नाही. तुम्ही वर जा."

"किती हे महत्त्वाचं नाही" असं वाक्य माझ्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडून ऐकून मी फोन खाली ठेवला. मग हिशेब केला. आयर्विनला सदतीस होतं. मी जिन्याखाली गेलो आणि इमारतीत पाणी शिरण्याची शक्यता पुसून नवी लिहिली: ३०%.

एका तासात फळ्यासमोर पंचवीस माणसं होती.

"तीस टक्के म्हणजे किती फूट?" एकाने विचारलं.

"फूट नव्हेत. शक्यता."

"ते कळलं. पण फुटात किती?"

दुसरे एक गृहस्थ म्हणाले की तीस टक्के म्हणजे गल्लीतल्या दहा घरांतल्या तिघांत शिरणार, आणि ती तीन कोणती हे मी सांगावं. तिसऱ्याचं म्हणणं, की दिवसाच्या तीस टक्के वेळ पाणी राहणार, म्हणजे सुमारे सात तास, तेवढं सोसता येईल. सुभेदारांनी सगळ्यांना गप्प केलं.

"हिशेब सरळ हाय. तीस टक्के शक्यता, तर तीस टक्के सामान वर न्यायचं."

"सुभेदार, पाणी असं तीस टक्के येत नाही. आलं तर पुरतं येईल, नाहीतर येणारच नाही."

"मग समदंच वर नेऊया."

"त्रास शंभर टक्के आणि शक्यता तीस. हेही बरोबर नाही."

"मग काहीच नगं न्यायला?"

"तसंही नाही."

सुभेदारांनी फळ्यावरच्या तिसावर बोट ठेवलं. "चौगुले, मग तुमच्या तिसाचा उपेग काय?"

प्रश्न सरळ होता. मला वाटतं, आयुष्यात मला विचारला गेलेला हा दुसरा नेमका प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि खिशातला फोन वाजला.

कुणीतरी फळ्याचा फोटो काढला होता. तो गल्लीच्या गटातून दुसऱ्या गल्लीच्या गटात गेला, तिथून मिरजेला गेला, आणि मिरजेहून परत येताना त्यावर लिहिलं होतं, "तज्ज्ञांचा इशारा, आणखी तीस फूट वाढणार." पुराचं काम बघणाऱ्या एका कार्यालयातून फोन होता. ताबडतोब या.

कार्यालयात राजवर्धन नावाचे एक तरुण कर्मचारी बसले होते. डोळे दोन रात्रींच्या जागरणाने लाल होते. ते सभ्यपणे बोलले, म्हणूनच जास्त लागलं.

"काका, हे तीस कुठून आणले?"

"हिशेबाने."

"तसं नव्हे. कोयनेतून की वारणेतून?"

"दोन्ही धरून. पण ते तीस म्हणजे पाणी नव्हे, ती माझी..." इथे मी अडलो. ती माझी काय? खात्री म्हणावी तर तीस टक्के खात्री कुणाला असते? भीती म्हणावी तर निवृत्त सांख्यिकी सहायकाने भीतीला दशांश चिन्ह लावणं बरं दिसत नाही.

"आमच्या तक्त्यात फुटाचा रकाना आहे," राजवर्धन म्हणाले, "टक्क्याचा नाही. तुम्ही एवढं लिहून द्या, की सदर तीस टक्के मी मागे घेत आहे."

"मग आता किती धरायचे?"

"काहीच नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही काका. शून्य म्हटलं आणि आलं म्हणजे? काहीच नाही."

मी लिहून दिलं. शून्य आणि काहीच नाही यातला फरक शासनाच्या एका कर्मचाऱ्याला न शिकवता कळला होता, याचा मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आवक क्रमांक पडून शिक्का बसला, तेव्हा आयुष्यभराची नोकरी कुणीतरी टाचणीने फाइलला लावल्यासारखं वाटलं.

परत येऊन मी फळा पुसला, आणि घात झाला. फळ्यावर तीस होतं तोवर गल्ली वाद घालत होती. फळा कोरा झाला तशी गल्ली घाबरली.

"पुसला म्हणजे नक्की येतंय."

"वरून सांगितलं असंल, लिहू नका म्हणून."

"पाच टक्क्यांचं तोंड बघा की."

पंधरा मिनिटांत टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं यांनी गल्ली भरली. सुभेदारांनी मी नसतानाच आमच्या घराचा ताबा घेतला होता. त्यांनी हळदीच्या पेठेतला हमाल नाथाजी बोलावून आणला होता. नाथाजीचे तळहात जन्माचे पिवळे आहेत. तो ज्या वस्तूला हात लावी तिच्यावर हळदीचा पंजा उठे, त्यामुळे वर गेलेलं सामान लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं. सुभेदारांनी वस्तू मोजल्या होत्या. एकूण बासष्ट. तीस टक्क्यांनी अठरा पूर्णांक सहा दशांश. सोळा वर गेल्या होत्या. सतरावं होतं राजमतीच्या माहेराहून आलेलं लोखंडी कपाट, आणि ते जिन्याच्या वळणावर अडकलं होतं.

जिन्याचं वळण आणि कपाटाचा कोपरा यांचं एकमेकांशी काहीतरी जुनं असावं. ना वर, ना खाली. नाथाजी खालून रेटत होता, सुभेदार "एक, दो, तीन" म्हणत होते आणि तीनला कुणीच काही करत नव्हतं. वरून राजमतीची हाक आली, "अहो, वर या आधी."

कपाटाखाली हातभर फट होती. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, गल्लीसमक्ष, मी तिच्यातून रांगत गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "पाच टक्के आत गेले." मग दहा. मग पन्नास. माझे पाय आत ओढले गेले तेव्हा टाळ्या वाजल्या. मी वर पोचलो, आणि कपाट "खर्र" करून वीतभर खाली सरकलं. फट बंद झाली.

आता परिस्थिती अशी होती. ज्यांचं घर वर आहे ते सुभेदार खाली होते. ज्याचं घर खाली आहे तो मी वर होतो, राजमती आणि बनुबाईंबरोबर. मध्ये कपाट.

"सायेब," खालून नाथाजीने विचारलं, "ह्ये निघायची शक्यता किती?"

मी आकडे मागे घेतलेला माणूस होतो.

सुभेदार मात्र हरले नव्हते. त्यांनी जिन्याखालीच चौकी मांडली आणि दर थोड्या वेळाने कपाटाच्या पलीकडून ओरडून आम्हाला खबर देऊ लागले. "आयर्विनला एकोणचाळीस." मग, "चाळीस. इशारा." मग, "एकेचाळीस, गल्लीच्या तोंडाला वल दिसाय लागली."

त्या दिवशी पाणी पुढे आलं की नाही, हे मला आज माहीत आहे. पण त्या संध्याकाळी माहीत नव्हतं, म्हणून इथेही सांगत नाही. वाचणाऱ्याने त्याच जागी उभं राहावं, जिथे मी होतो.

दिवस कलायला लागला होता. आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, हे बनुबाईंना वीस वर्षांच्या शेजाराने पाठ होतं. त्यांनी तवा ठेवला.

"वैनी, झुणका करते. कांदा न्हाई घालत. आता कांद्याबिगर झुणका म्हणजे झुणका का काय ते देवाला ठावं, पर करते."

मी रिकामा होतो. गाद्यांचा ढीग वाटेत होता. म्हटलं, निदान माळ्यावर जागा करू. स्टूल घेतलं आणि त्यावर पाय ठेवला.

"तितं नगा चढू भावजी," बनुबाई पिठाच्या हातांनी वळल्या. "पिंप हाय गव्हाचं. अंगावर यील."

"सरकवतो जरा."

"नगा म्हणते ना."

मी राजमतीकडे बघितलं. ती खिडकीशी उभी होती. खिडकीतून नदी दिसत नाही, पण नदीवरून येणारा वारा कळतो. त्यात चिखलाचा, उसाच्या पाचटाचा वास असतो. हा वास सहा वर्षांपूर्वीही आला होता. मी स्टुलावरून उतरलो.

"त्रेचाळीस," खालून सुभेदार ओरडले.

"खरं सांगा," राजमती माझ्याकडे न बघता म्हणाली. "येणार का?"

सहा वर्षांत तिने हा प्रश्न मला विचारला नव्हता. नळाचं विचारलं होतं, विजेचं विचारलं होतं. नदीचं नाही. माझ्या डोक्यात हिशेब तयार होता. त्रेचाळीस फूट, वाढीचा वेग, वरून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला लागणारा वेळ. जिभेवर आकडा आलाही होता. पस्तीस. मी तो गिळला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

बनुबाईंच्या भाकरीचा आवाज थांबला.

"आणि तेव्हाही नव्हतं," मी म्हणालो. एकदा फट पडली की पाणी थांबत नाही, हे मी रजिस्टरात पन्नास वर्षांचं बघितलेलं आहे. "पाच म्हणालो आणि पेपर वाचत बसलो. रजिस्टरसुद्धा खालच्या खणात ठेवलं. तुला पाच सांगितलं आणि स्वतः शून्य असल्यासारखा वागलो. तुझ्या आईचा आवाज माझ्यामुळे गेला. तू भांडली असतीस तर मी हे तेव्हाच म्हणालो असतो."

राजमतीने खिडकी लावली. कडी बसत नव्हती, ती दोनदा दाबून बसवली.

"आईचा डबा वर आहे," ती म्हणाली.

"वर कुठे?"

"माळ्यावर. पिंपामागं."

"सांगितलंस गं बाई एकदाचं," बनुबाई म्हणाल्या आणि भाकरी पुन्हा थापायला लागल्या. "सा वर्सं माझ्या पोटात दुखाय लागलंवतं."

मी स्टुलावर बसलो. त्याच स्टुलावर, ज्यावर चढत होतो.

"त्याच दिवशी नेला," राजमती म्हणाली. "चाळणीखाली धरून."

"त्रेचाळीस आन् एक इंच," खालून आवाज आला.

माझ्या लक्षात हळूहळू एकेक गोष्ट येत होती. "दुपारी," मी म्हणालो, "मला दुपारी जो आवाज..."

"तुम्ही झोपलात की आम्ही लावतो. सुभेदारांच्या टू-इन-वनवर. बारीकच ठेवतो."

"मी कानात थेंब घालतो राजमती. तीन वर्षं."

"ते बंद करा म्हणणारच होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाणी उतरलं तेव्हा सगळी गल्ली तुम्हाला हसत होती. त्यात डबा काढून दाखवला असता, तर म्हणाले असते, घरात बायकोनंसुद्धा ऐकलं नाही. म्हटलं, हसणं सरू दे, मग सांगते. ते काही सरलं नाही. मग इतकी वर्षं झाली की कसं सांगायचं तेच कळेना."

खाली नाथाजीने कपाटाला पुन्हा खांदा लावला असावा. जिना कण्हला. मी राजमतीकडे बघत होतो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटतही होतं, पण त्याच्या आतून जुनंच कुसळ टोचत होतं, आणि ते माझ्या तोंडातून बाहेर आलंच.

"म्हणजे तुझाही माझ्या आकड्यावर विश्वास नव्हता."

राजमती वळली. मी दुपारी वही दाखवायला गेलो की वाटाण्यांवरून नजर उचलून जशी बघते, तशी तिने माझ्याकडे बघितलं.

"नव्हता कसा?" ती म्हणाली. "तुम्ही पाच म्हणालात म्हणून तर नेला. शून्य म्हणाला असतात, तर डबा खालीच राहिला असता."